नसते उद्योग

दर जूनमध्ये आम्ही शाळेत मुलांची माहिती भरून घेतो. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांचा व्यवसाय आणि तळाशी एक रकाना : छंद. मुलगे त्यात 'क्रिकेट' लिहितात, मुली 'मेहंदी' किंवा 'वाचन'. हल्ली 'मोबाइल' असं प्रामाणिकपणे लिहून देणारेही निघतात. पालक सोबत असले तर तेच सांगतात, "शौक कायका टीचर, पढाई करने दो उसको." रकाना मोकळा सोडता येत नाही, म्हणून मग 'वाचन'.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्त लक्ष जातं. आपल्याकडे या गोष्टीसाठी शब्द भरपूर आहेत आणि जवळजवळ सगळे बदनाम आहेत. मराठीत 'नाद' म्हटलं की माणूस वाया गेलेला. 'छंद' बरा, पण 'छंदीफंदी' नको. उर्दूतला 'शौक' मराठीत आला आणि 'शौकीन' झाला, म्हणजे दारू किंवा तमाशा. 'उद्योग' किती चांगला शब्द, पण घरात कुणी खिळे-हातोडी घेऊन बसलं की लगेच 'नसते उद्योग'. आणि वर म्हण तयार आहेच, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. मला त्या न्हाव्याची नेहमी दया येते. गिऱ्हाईक नाही तर तो हात चालू ठेवत होता बिचारा. दुसरा कुणी असता तर पारावर जाऊन बसला असता.

मी इथे या नसत्या उद्योगांची बाजू घेणार आहे. घरात, फुरसतीच्या दोन-चार तासांत, कुणी सांगितलं नाही तरी केलेली कामं : वही बांधणं, कुंड्या लावणं, गोधडी शिवणं, बोरू छाटून चार अक्षरं गिरवणं, मोडकं स्टूल नीट करणं. यातलं एकही काम मोठं नाही. एका रविवारी होऊन जातं, किंवा होत नाही आणि पुढच्या रविवारवर जातं.

वहीपासूनच सुरू करते, कारण ती मला सगळ्यात जवळची. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की कुठल्याही घरातली दप्तरं उघडून बघा. प्रत्येक वहीत शेवटची पंधरा-वीस पानं कोरी असतात. दोन मुलांच्या घरात मिळून दीडशे-दोनशे पानं सहज निघतात. ती रद्दीत जातात. मी ती जोडपानं, म्हणजे मधल्या टाक्यापासून अखंड, काढून घेते. पाच-सहा जोडपानांचा एक जुज. उर्दूत जिल्दसाज या शिवणीला जुजबंदी म्हणतात. घडीवर दाभणाने चार भोकं पाडायची, जाड दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा आणि एक जुज दुसऱ्याला गुंफत शिवत जायचं. पाठीला जुन्या सुती कुर्त्याची पट्टी, पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा. खळ घरी शिजवायची, मैद्याची. तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं आणि कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी असतं, ते भांडं परत स्वयंपाकात घ्यायचं नाही आणि लहान मुलांचा हात त्यात जाऊ द्यायचा नाही. मग रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचं. सकाळी वही तयार. बाजारात तशी वही स्वस्तच मिळते, हिशेब करायला बसलात तर हा धंदा तोट्याचा आहे. पण जी मुलगी स्वतःच्या हाताने वही शिवते ती त्या वहीची पानं फाडून विमानं करत नाही. हे मी वर्गात बघितलेलं आहे.

दुसरा उद्योग बोरूचा. बोरू हा खरं तर आपला सामाईक वारसा आहे. उर्दूचे कातिब त्यानेच लिहीत, मोडीचे कारकूनही त्यानेच. मराठीत 'बोरूबहाद्दर' ही शिवी झाली, उर्दूत 'अहले-कलम' हा मान राहिला, पण काडी तीच. टोक तिरकं छाटायचं, उर्दूत त्याला कत लावणं म्हणतात. नस्तालीक लिहिताना अक्षराची सगळी मापं या टोकाच्या रुंदीवर ठरतात. टोकाने एक नुक्ता उमटवायचा, आणि अलिफ इतक्या नुक्त्यांचा उंच, बे इतक्या नुक्त्यांचा लांब. पट्टी लागत नाही, कलम हीच पट्टी. 1981 मध्ये नूरी नस्तालीक आलं, नंतर 1994 च्या सुमारास इनपेज आलं आणि उर्दू वर्तमानपत्रांतून हाताने लिहिणारे कातिब हळूहळू उठले. चेन्नईचं 'द मुसलमान' हे 1927 मध्ये सुरू झालेलं दैनिक मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं हातानेच लिहिलं जात राहिलं. कातिबांची रोजी गेली ती परत येणार नाही, ती यावी असंही मी म्हणत नाही. पण पोट भरण्याचं साधन म्हणून जी गोष्ट संपली ती शौक म्हणून जिवंत राहू शकते. हार्मोनियम वाजवणारे सगळे काय मैफिली करतात?

इथे एक अडचण येते, ती लपवण्यात अर्थ नाही. काही घरांत मुलांनी माणसं-प्राणी काढलेले चालत नाहीत. चित्रकलेच्या तासाला असा एखादा मुलगा कागद कोरा ठेवून बसतो. मी त्या घरांशी वाद घालत नाही. कंपासपेटी उघडायला लावते. वर्तुळ काढा, त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर टोक ठेवून कंस फिरवा, सहा पाकळ्यांचं फूल मिळतं. हे फूल कंपास हातात आलेल्या प्रत्येक मराठी पोराने न सांगता काढलेलं असतं. मग पुढे चला. वर्तुळात एकमेकांना काटकोनात दोन व्यास, त्यांच्या टोकांचा चौरस, मग कोन दुभागून दुसरा चौरस : आठ टोकांचा तारा. असे तारे शेजारी शेजारी मांडत गेलं की जाळी तयार होते. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती जी संगमरवरी जाळी आहे तिच्यापुढे उभं राहून सहलीला गेलेली मुलं सेल्फी काढतात. कंपास फिरवलेला मुलगा तिच्यात केंद्रबिंदू शोधतो. त्या इमारतीच्या दरवाज्यावर ती घडवणाऱ्यांची नावं आहेत, अताउल्लाह आणि हंसपतराय. ही जोडी मी मुलांना मुद्दाम सांगते.

झाडांचं मात्र इथे कौतुक करताना जपून बोलावं लागतं. आपण लातूर जिल्ह्यातली माणसं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, हे आपण विसरू शकत नाही. अशा मुलखात 'टेरेस गार्डन' हा शब्दसुद्धा उधळपट्टीचा वाटतो. पण त्याच उन्हाळ्याने आमच्याकडे एक सवय लावली. वजू करताना खाली घमेलं ठेवायचं. पाच वक्तांचं एका माणसाचं पाणी जमलं तर आठ-दहा लिटर सहज होतं, नळ सोडून वजू करणाऱ्याचं त्याहून जास्त (आणि नळ सोडून वजू करणं इस्राफ आहे हे वेगळं). त्यात साबण नसतो, मीठ नसतं, झाडाला ते पाणी चालतं. तेलाच्या रिकाम्या डब्यांना तळाला भोकं पाडून त्यात पुदिना, कोथिंबीर, मिरची, एक कढीपत्ता. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून ती मातीत उलटी खोचली की दिवसभर थेंब थेंब ओल राहते. काही मशिदींत वजूखान्याचं पाणी झाडांकडे वळवलेलं दिसतं, रेणापूरसारख्या गावांत तर ते सगळीकडे व्हायला हवं. त्याला ना देणगी लागते ना इंजिनिअर. चार पोरं, एक पाइप आणि एक रविवार.

आता शेवया. आमच्या लहानपणी अख्ख्या गल्लीत दोन-तीनच मशीनं असायची. बाजेच्या लाकडाला आवळून बसवायची, एकीने पीठ भरायचं, एकीने दांडा फिरवायचा, एकीने खाली लोंबणाऱ्या तारा अलगद काठीवर झेलायच्या. ईद चांद्र पंचांगाने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, पण पापड-कुरडया-शेवयांचा हंगाम उन्हाबरोबर ठरलेला. त्यामुळे काही वर्षं दोन्ही एकत्र येतात. 2021 ची ईद 14 मेला होती, 2022 ची 3 मेला, 2023 ची 22 एप्रिलला. ती दोन-तीन वर्षं आमचं मशीन घरी कमी आणि शेजारच्या काकूंकडे जास्त असायचं. त्यांच्या कुरडया आमच्या पत्र्यावर, आमच्या शेवया त्यांच्या गच्चीवर. ईद हिवाळ्याकडे सरकत गेली की ऊन कमी पडतं आणि लोक तयार पाकीट आणतात. पाकिटाने शीरखुर्मा होतोच, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण पाकिटाला दांडा फिरवायला दुसरं माणूस लागत नाही. सलोखा, भाईचारा यांवर भाषणं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मशीन उसनं मागायला आलेल्या काकूंनी भाषण केलेलं मला आठवत नाही.

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता खऱ्या अडचणीकडे येते.

हजेरी घेताना मी जी आडनावं उच्चारते ती ऐका : पिंजारी, मनियार, अत्तार, तांबोळी, शिकलगार, बागवान, मोमीन. ही आडनावं नाहीत, ही हातांची यादी आहे. कापूस पिंजणारे, बांगड्या भरणारे, अत्तर काढणारे, विड्याच्या पानांचे, हत्यारांना धार लावणारे, बाग लावणारे, विणणारे. आणि वर्गातल्या शिकलगाराला शिकलगार म्हणजे काय ते माहीत नसतं. पिंजाऱ्याच्या मुलाने कमान बघितलेली नसते. फोमच्या गाद्यांनी ती कधीच घालवली. मी विचारलं तर मुलं हसतात, थोडी लाजतातही. ज्या समाजाची ओळखच हाताच्या कामाने झाली त्या समाजाला हाताचं काम म्हणजे गरिबीचा डाग वाटू लागला आहे.

एका विद्यार्थ्याचं सांगते. आठवीतला. वडील गॅरेजमध्ये काम करतात. वर्गात मी कुराण ठेवायची रेहल दाखवली होती, एकाच फळीतून कोरलेली, दोन पानांसारखी उघडणारी. याने घरी जाऊन प्लायवूडच्या दोन तुकड्यांची केली. एका फळीला मधोमध चौकोनी भोक, दुसरीचा खालचा अर्धा भाग त्या भोकातून जाईल इतका अरुंद. एकीत दुसरी सरकवली की फुलीसारखी उभी राहते, काढली की सपाट. खिळा नाही, बिजागरी नाही. कुणी शिकवलं नव्हतं, त्याने दोन पुठ्ठे कापून आधी जमवून बघितलं आणि मग प्लाय कापलं. मी खूश होऊन पालक सभेत वडिलांसमोर कौतुक केलं. ते खूश झाले नाहीत. म्हणाले, "टीचर, माझे हात काळे झाले ते याचे पांढरे राहावेत म्हणून. याला पान्याची सवय लावू नका." त्यांनी हात पुढे केलेच होते, नखांत ग्रीस, ते धुऊन जात नाही.

या वाक्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, आणि सोपं उत्तर असेल असं मला आजही वाटत नाही. 'श्रमाची प्रतिष्ठा' हे शब्द ज्यांना कधी श्रम करावे लागले नाहीत त्यांच्या तोंडी फार शोभतात. शहरातला इंजिनिअर रविवारी सुतारकाम करतो तेव्हा त्याचं कौतुक होतं, फोटो निघतात. गॅरेजवाल्याच्या मुलाने पाना धरला तर लोक म्हणतात, शेवटी बापाच्याच मार्गाला लागला. तोच पाना, पण एकाला तो छंद आणि दुसऱ्याला तो नशीब. त्या वडिलांची भीती खोटी नाही. आपल्यातली कितीतरी मुलं आठवी-नववीत शाळा सोडून गॅरेजात, वेल्डिंगच्या दुकानात जातात हे मी पंधरा-वीस वर्षं बघते आहे.

तरीही माझं मत त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. हात काळे होण्यात दुःख नसतं, दुसरा पर्यायच नसण्यात असतं. पर्याय शिक्षणाने मिळतो हे बरोबर. पण ज्या मुलाने पुठ्ठा कापून, चुकून, परत कापून दोन फळ्यांचा सांधा शोधला, त्याने त्या दुपारी भूमिती केली. त्याच्या वहीत ती दिसणार नाही, गुणपत्रिकेत येणार नाही. आमचा 'लातूर पॅटर्न' देशभर गाजला. त्याने गरीब घरांतून डॉक्टर काढले, हे नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण त्याची सावली आता पाचवी-सहावीपर्यंत आली आहे. रेणापूरहून मुलं क्लाससाठी लातूरला ये-जा करतात, रविवारी टेस्ट सिरीज. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्यात अशी एक दुपार उरत नाही जिच्यात त्याला कुणी काही विचारणार नाही. ती दुपार मोबाइलने खाल्ली म्हणून आपण ओरडतो. आधी ती आपणच मोकळी ठेवली नव्हती.

हे म्हणणारी मी पहिली नाही. 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि ती अभ्यासक्रमात उतरवण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. नई तालीम म्हणून आपण जे बी.एड.ला पाठ करतो ते बरंचसं त्या समितीचं. त्या योजनेवर तेव्हा मुस्लिम लीगने कडाडून टीका केली, इतरांनीही केली, आणि काही आक्षेप विचार करण्यासारखे होते. शाळा चालवायचा खर्च मुलांच्या सूतकताईतून काढायचा ही कल्पना मलाही पटत नाही. मूल कामाला लावणं आणि मुलाच्या हातात काम देणं यांत फरक आहे. पण झाकिरसाहेबांचा मूळ मुद्दा असा होता की काम विचारपूर्वक, मन लावून, नीट केलं तरच त्यातून शिक्षण होतं. नुसते हात हलवून नाही. हा माणूस 1897 मध्ये हैदराबादला जन्मला, म्हणजे ज्या संस्थानात तेव्हा आपला हा सगळा भाग होता त्याच्या राजधानीत. राष्ट्रपती झाला. त्याला स्वतःला गुलाबांचं वेड होतं; चंदीगडची 1967 मधली गुलाबबाग त्याच्याच नावाने आहे. मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' लिहिली. आपल्या मोहल्ल्यात झाकिर हुसेन हे नाव राष्ट्रपती म्हणून माहीत आहे. गुलाबांची छाटणी करणारा माणूस म्हणून माहीत असतं तर जास्त उपयोग झाला असता.

नंतर कार्यानुभव आला. कार्यानुभवाचा तास बहुतेक शाळांत काय होतो ते शिक्षकांना विचारा. गणिताचा पोर्शन तिथे पूर्ण होतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेत. कागदावर सगळं चांगलं आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथे मुलं वेल्डिंगपासून रोपवाटिकेपर्यंत सगळं करत शिकतात. आय.आय.टी. झालेले अरविंद गुप्ता सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या घेऊन त्रिकोण-चौकोन-घनाकृती करायला शिकवत देशभर फिरले. काडी आणि ट्यूब. रेणापूरच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळेल. तेव्हा साहित्य नाही, अनुदान नाही, ही सबब मी शिक्षक म्हणून देऊ शकत नाही आणि तुम्ही पालक म्हणून देऊ नका.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण वेळ वाया घालवणं, लह्व-ओ-लइब, याची दीनमध्ये मनाई आहे. एका बयानानंतर एक बाई मला हेच म्हणाल्या होत्या. क्रोशाची सुई माझ्या पर्समधून डोकावत होती. मी आलिमा नाही, फतवा देत नाही. पण जे सगळ्यांना माहीत आहे तेवढंच सांगते. हजरत आयेशांना (रजि.) विचारलं गेलं की प्रेषित (स.) घरात काय करत, तर त्यांनी सांगितलं, घरच्यांच्या कामात असत, आपला जोडा स्वतः दुरुस्त करत, कपडा स्वतः शिवत. हजरत दाऊद (अलै.) बादशहा असून हाताच्या कमाईचं खात. आणि कयामत येऊन ठेपली असताना हातात रोप असेल तर ते लावून टाका, ही हदीस तर पर्यावरण दिनाला प्रत्येक उर्दू शाळेच्या फळ्यावर असते. फळ्यावर असते, अंगणात नसते.

यात एक गोष्ट मात्र आपण सोयीने वाचतो. प्रेषित (स.) घरात काम करत, ही सुन्नत मिसवाक आणि दाढीइतकी कधी ऐकू येते का? रविवार हा पुरुषांचा आणि मुलांचा सुट्टीचा दिवस आहे. बाईचा तो सगळ्यात जड दिवस. त्या दिवशी बिर्याणी, त्या दिवशी पाहुणे, आठवड्याचे कपडे, गहू निवडणं. घरातल्या पुरुषाने रविवारी झाडाला आळं केलं की तो छंद, बाईने आठवडाभर रात्री बसून गोधडी शिवली की ते घरकाम. मी नोकरी करते म्हणून मला दोन तास मागता येतात, मिळतातही. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांना 'तुमचा छंद काय' विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसतात. त्यांच्या हातांत माझ्यापेक्षा दहापट कसब आहे, फक्त त्याला छंद म्हणायची फुरसत त्यांना कुणी दिलेली नाही. घरात सगळ्यांनी मिळून उद्योग करायचे असतील तर पहिला उद्योग हा असावा की रविवारचा स्वयंपाक दुपारी एकच्या आत आणि बाईशिवाय आणखी दोन हातांनी उरकावा.

आणि शेवटचा त्रास, विक्रीचा. हल्ली हाताने काही केलं की समोरचा पहिलं वाक्य बोलतो, "हे विका ना! इन्स्टावर टाका!" मी शिवलेली वही बघून तिघांनी मला भाव विचारला आहे. बचत गटाच्या बाया कष्टाने वस्तू विकतात, ज्यांना घर चालवायला पैसा हवा त्यांनी जरूर विकावं आणि चांगला भाव घ्यावा, यात वाद नाही. पण सगळंच विकायला काढायचं का? ऑर्डर आली की तारीख आली, तारीख आली की घाई, घाई आली की टाके लांब. मग तो रविवारही नोकरीवर गेला.

आमच्या गल्लीत एक खाला आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या गोधड्या बघायला लोक येतात. जुन्या सुती साड्या, ओढण्या, चौकड्याच्या लुंग्या, शाळेचे पांढरे शर्ट, थरावर थर. कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं, चौकोनात चौकोन, मधोमध शेवटचा टाका. कोणता तुकडा कुणाचा ते त्या बोट ठेवून सांगतात : ही लुंगी तुझ्या चाच्याची, हा फ्रॉक शबे-बरातीचा. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या एका बाईंनी त्यातली एक गोधडी मागितली, भावही चांगला सांगितला, माझ्यादेखत. खालांनी गोधडीची घडी परत घातली. म्हणाल्या, "ही नातवाची आहे. तुम्हाला दुसरी शिवून देते, पण कपडे तुमच्या घरचे आणा. आईची एखादी साडी असेल तर बघा." त्या बाई जराशा गप्प झाल्या. मग संक्रांतीनंतर कुरिअरने एक बोचकं आलं. खालांनी ते उघडून सगळे कपडे धुऊन दोरीवर टाकले आहेत, आणि थोडं ऊन वाढलं की बसते म्हणाल्या. एका बाजूने टाके घालायला मला बोलावलं आहे.